वाडवडिलांची बंदूक आणि तिचा तुटलेला खिळा

वाडवडिलांकडून घरांत जें जें येतें, त्याचे स्थूलमानानें तीन वर्ग करितां येतील. शेतवाडी, घरदार, दागदागिने हा पहिला वर्ग. याची वांटणी होते, आणि पुष्कळदां तीपायीं भांडणहि होतें. देव, कुळधर्म, पोथ्या हा दुसरा. याची वांटणी होत नाहीं, फार तर पाळी लावून घेतात. तिसरा वर्ग मात्र चमत्कारिक आहे. त्यांतील वस्तु विकवत नाहीं, वांटतां येत नाहीं, वापरावी तर ती मोडकी असते, आणि नुसती ठेवून द्यावी तर सरकार विचारतें. जुनी बंदूक ही या तिसऱ्या वर्गांतील मुख्य होय. तिच्याविषयीं या महिन्यांत दोन शब्द लिहावेत असें योजिलें आहे. वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं बंदूक नसेल. परंतु जुनी वस्तु, तिच्यावरील माया आणि तिची उपयुक्तता यांचा हिशेब ज्या घरांत कधींच मांडावा लागला नाहीं, असें एकत्र कुटुंब विरळा.

आमच्या परभणी जिल्ह्यांतील जुन्या वतनदार घरांतून अशा बंदुका अद्याप आढळतात. हा सारा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या काळीं देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांत एखादी एकनळी वा दुनळी असणें हें प्रतिष्ठेचेंहि लक्षण होतें आणि गरजेचेंहि. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं ती राजवट संपली. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत. घरांतल्या बंदुकीनें एवढीं सगळीं स्थित्यंतरें खुंटीवरूनच पाहिलीं. तिच्या कागदांची भाषा उर्दूची इंग्रजी झाली, इंग्रजीची मराठी झाली. बंदूक तीच राहिली. खंडेनवमीला ती खालीं उतरावयाची, तिला तेल पुसावयाचें, गंधफूल वाहावयाचें, आणि दसरा झाला कीं पुन्हां ती आपल्या जागीं.

अशाच एका घरची हकीकत आमच्या कानीं आली, किंबहुना आमच्या पुढ्यांतच येऊन पडली. जिंतूर तालुक्यांत येलदरीच्या बाजूला आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें घर आहे. दोघे बंधु, एक विवाहित बहीण, आणि वृद्ध मातोश्री. थोरले शेती पाहतात, धाकटे नोकरीनिमित्त परगांवीं असतात. आजोबांच्या काळची बारा बोरची दुनळी, बाहेर दोन घोडे असलेली, वडिलांच्या नांवें होती. दोन वर्षांपूर्वीं वडील वारले. मुलांनीं बंदूक रीतसर पोलीस ठाण्यांत जमा केली, बहीण-भावांनीं आणि मातोश्रींनीं ना-हरकतीचीं प्रतिज्ञापत्रें दिलीं, आणि पुष्कळ हेलपाट्यांनंतर थोरल्यांच्या नांवें परवाना झाला. बंदूक घरीं आली. तपासून पाहतात तों उजव्या नळीचा खिळा तुटलेला आणि डाव्या घोड्याची कमान ढिली पडलेली! थोरले आमच्याकडे आले ते हा प्रश्न घेऊनच. "गुरुजी, हरभऱ्यांत रानडुकरें शिरतात, ज्वारी आडवी करून टाकतात. वडिलांची बंदूक असतांना आखाड्यावर रात्रीं नुसती काठी घेऊन निजावें काय? एक खिळा मिळाला कीं काम भागतें. पण तो कोठेंच मिळत नाहीं."

ज्यांना बंदुकीची रचना ठाऊक नाहीं त्यांच्याकरितां थोडें सांगितलें पाहिजे. चाप ओढला कीं घोडा कमानीच्या जोरानें खालीं पडतो. त्याचा टोला एका बारीक पोलादी खिळ्यावर बसतो. हा खिळा पुढें सरकून काडतुसाच्या बुडांतील टोपी ठेंचतो. टोपींतला मसाला पेटतो, त्यानें दारू पेटते, आणि छरे नळींतून बाहेर पडतात. खिळ्याची लांबी बोटाच्या एका पेरापेक्षां फारशी अधिक नसते. आमच्या जुन्या धनुर्वेदांत आयुधांचे मुक्त, अमुक्त, मुक्तामुक्त आणि यंत्रमुक्त असे चार प्रकार सांगतात. हातांतल्या तलवारीची धार बोथट झाली तरी हात तोच असतो. यंत्रमुक्त आयुधाची गोष्ट निराळी. तेथें मनुष्याचें बळ, कौशल्य, धैर्य हें सारें एका पेराएवढ्या खिळ्याच्या हवालीं केलेलें असतें.

मग असा खिळा दुकानांत कां मिळूं नये? सायकलीचा पायटा मोडला तर त्याच मापाचा दुसरा मिळतो. शिवणयंत्राची सुई मिळते. आपल्याला ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे कीं ती नवीन आहे हेंच आपण विसरतों. १७८५ सालीं अमेरिकेचे वकील म्हणून फ्रान्समध्यें राहत असलेले टॉमस जेफर्सन यांना होनोरे ब्लांक नांवाच्या कारागिरानें बंदुकीच्या पन्नास चापयंत्रांचे सुटे केलेले भाग दाखविले. जेफर्सन यांनीं हातीं येतील ते भाग उचलून स्वतः कांहीं यंत्रें जुळविलीं, आणि तीं बिनचूक जुळलीं. एका यंत्राचा भाग दुसऱ्यास चालावा, ही त्या काळीं मोठ्या माणसांनीं पत्रांतून कळवावी अशी नवलाची वार्ता होती. लष्करी बंदुकांच्या बाबतींत ही रीति पुढील शतकांत रुळली. इंग्लंडांत १८६१ सालीं बर्मिंगहॅमच्या बंदूककारांनींच एकत्र येऊन यंत्रांनीं बंदुका करण्यासाठीं बी. एस. ए. कंपनी काढली.

परंतु शिकारीच्या दुनळ्या बंदुका यानंतरहि कैक वर्षें हातानेंच घडत राहिल्या. बर्मिंगहॅम काय किंवा बेल्जममधील लिएझ काय, दोन्हीं गांवांत हा धंदा लहान लहान कारखान्यांतून आणि घरांतून चाले. नळ्या एकानें कराव्या, चापयंत्र दुसऱ्यानें कानशीनें घासावें, दस्ता तिसऱ्यानें कोरावा, नक्षी चौथ्यानें काढावी, आणि दुकानदारानें आपलें नांव घालून विकावी. प्रत्येक भाग त्याच्या शेजारच्या भागाशीं काजळी लावून, पुन्हां पुन्हां घासून बसविलेला. म्हणून एकाच वर्षीं एकाच नांवानें विकलेल्या दोन बंदुकांचेहि भाग एकमेकींना लागतीलच असें नाहीं. सोनारानें एका कानासाठीं घडविलेला मळसूत्री फिरकीचा दागिना दुसऱ्या जोडींत बसत नाहीं, तसाच हा प्रकार. तेव्हां अशा बंदुकीचा भाग शोधावयास निघणारानें एक गोष्ट मनाशीं पक्की करावी: भाग 'सांपडत' नसतो, तो 'करवून' घ्यावा लागतो. क्वचित् एखाद्या परवानाधारक दुकानदाराकडे मोडीत निघालेल्या जुन्या बंदुकीचा भाग मिळतो. पण तोहि घासून, जुळवून बसवावा लागतोच.

आतां करवून घ्यावयाचा तर कोणाकडून? येथें थोरल्यांच्या पुढें दोन सोपे मार्ग आले होते, आणि दोन्हीं मार्ग खड्ड्यांत जाणारे होते.

पहिला मार्ग तालुक्याच्या गांवच्या एका कारागिराचा. लेथवर पंप, मळणीयंत्रें, ट्रॅक्टर यांचीं कामें करणारा हा गृहस्थ हातानें फार चांगला आणि मनानें त्याहून चांगला. वडिलांचा त्याच्यावर लोभ होता. तो म्हणाला, "मालक, अर्ध्या तासाचें काम आहे, पैसेहि नकोत." त्याच्या सद्भावाविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. परंतु १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें बंदूक बनविणें, विकणें जितकें परवान्यावांचून निषिद्ध आहे, तितकेंच ती दुरुस्त करणेंहि निषिद्ध आहे. आणि 'बंदूक' या शब्दाच्या कायद्यांतील अर्थांत तिच्या सुट्या भागांचाहि समावेश होतो. २०१९ च्या दुरुस्तीनें या अपराधाची शिक्षा वाढवून ती कमीतकमी सात वर्षें कैद आणि अधिकांत अधिक जन्मठेप अशी केली आहे. म्हणजे मालकाच्या स्मृतीखातर फुकट खिळा करून देणारा हा भला मनुष्य आपलें आयुष्य पणाला लावीत होता, आणि त्याला त्याची कल्पनाहि नव्हती. आम्हीं ही गोष्ट सांगितली तेव्हां थोरले कांहीं वेळ बोललेच नाहींत. आपल्या गरजेसाठीं दुसऱ्याच्या अज्ञानाचा उपयोग करणें हें आपल्या हातून नकळत होऊं शकतें. कळल्यावर मात्र होतां कामा नये.

कायदा बाजूला ठेवला तरी कारागिरीचा प्रश्न राहतोच. खिळ्याचें टोंक गोल आणि गुळगुळीत असावें लागतें. तें अणकुचीदार किंवा अंमळ लांब झालें तर टोपीला आरपार भोंक पडतें आणि पेटलेला वायु उलटा मागें, नेम धरणाराच्या डोळ्याकडे येतो. आंखूड झालें तर काडतूस पेटतच नाहीं, किंवा क्षणभर उशिरा पेटतें. आणि तोंवर अधीर मनुष्यानें बंदूक उघडलेली असते. पोलाद मऊ राहिलें तर टोंक चेंपून अडकतें. नुसतें पाणी देऊन कडक केलें तर कांचेसारखें तुटतें. लाल तापवून तेलांत विझवावें, आणि मग पुन्हां बेतानें तापवून त्यावर योग्य रंग चढतांच थांबावें, ही विद्या कमानीच्या बाबतींत तर अधिकच नाजूक आहे. ट्रॅक्टरचा खिळा चुकला तर नांगरट एक दिवस लांबते.

दुसरा मार्ग विलायतेहून आला. बहिणीचा मुलगा तेथें नोकरीस आहे. त्यानें कळविलें, "मामा, तेथें मिळत नसेल तर मी येथून घेऊन येतों. दिवाळीला येणारच आहें. सामानांत एवढासा खिळा कोणाच्या लक्षांत येणार?" भाच्याचें प्रेम खरें, पण शस्त्रें आणि त्यांचे भाग परवान्यावांचून देशांत आणणें हा कायद्यानें स्वतंत्र अपराध आहे, मग तें सामानांतून असो वा टपालानें. सुशिक्षित तरुणाची नोकरी, प्रवासाची मुभा आणि घराण्याचें नांव हें सर्व एका पेराएवढ्या वस्तूसाठीं विमानतळावर पणाला लावावें काय? आणि इतकें करून आणलेला खिळा बसेलच याचीहि शाश्वती नाहीं, हें वर सांगितलेंच आहे. आजकाल परदेशांतून घड्याळाची किल्ली, चष्म्याची दांडी, यंत्राचा पट्टा मागविण्याची आपल्याला संवय झाली आहे. बंदुकीचा भाग त्या यादींत घालूं नये.

उरला तो सरळ मार्ग. ज्याच्यापाशीं दुरुस्तीचा परवाना आहे अशा दुकानदाराकडे बंदूक स्वतः न्यावी, त्याच्या नोंदवहींत नोंद करवावी, आणि पावती घ्यावी. असे दुकानदार मोठ्या शहरांतूनच असतात, आणि हातकाम जाणणारे कारागीर दिवसेंदिवस कमी होत आहेत. बिहारांत मुंगेर येथें ही कारागिरी जुनी. १७६२ च्या सुमारास बंगालचा नवाब मीर कासीम यानें राजधानी तेथें हलवून शस्त्रशाळा घातली, तेव्हांपासूनची परंपरा तेथील लोक सांगतात. परंतु त्या नांवावर आज चोरट्या मालाचाहि सुळसुळाट झालेला आहे, म्हणून गांवाच्या कीर्तीपेक्षां समोरच्या माणसाचा परवाना पाहावा हें बरें. आणखी एक उपयुक्त गोष्ट: परवानाधारकास स्वतः जाणें शक्य नसेल तर त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्या मनुष्यास दुरुस्तीसाठीं बंदूक नेतां येते, अशी सोय अधिनियमाच्या तिसऱ्या कलमांतच आहे. थोरले रब्बीच्या पेरणींत गुंतले होते. म्हणून त्यांचें पत्र आणि परवाना घेऊन धाकटे बंधु एका मोठ्या शहरीं गेले. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे हें मात्र आधीं पाहून घ्यावें. तें त्यांनीं पाहिलें होतें.

तेथील वृद्ध कारागिरानें खिळ्याकडे प्रथम पाहिलेंच नाहीं. त्यानें नळ्या सुट्या केल्या, एका बोटावर लोंबत्या धरून हलकेंच टिचकी मारली आणि कान लावला; सांधे शाबूत असले तर नळ्या घंटेसारख्या वाजतात, निसटले असले तर आवाज बद्द येतो. मग नळ्या उजेडाकडे धरून आंतून पाहिल्या. मग बंदूक जोडून, पुढची लांकडी मूठ काढून, हलवून पाहिली कीं जोड खिळखिळा झाला आहे काय. आणि शेवटीं नळ्या उलट्या करून बुडावरील बारीक शिक्के भिंगानें वाचले.

या शिक्क्यांनीं घराची एक जुनी समजूत मोडली. नळ्यांवर मोठ्या अक्षरांत एक इंग्रजी नांव कोरलेलें होतें, आणि त्यावरून 'आजोबांची लंडनची बंदूक' ही गोष्ट तीन पिढ्या चालत आली होती. खालचे शिक्के निराळेंच सांगत होते. अंडाकृति चौकटींत ई-एल-जी हीं अक्षरें, वर मुकुट. हा लिएझच्या परीक्षागृहाचा शिक्का होय. त्या गांवीं बंदुकांची सरकारी परीक्षा १६७२ पासून होत आली आहे, आणि शिक्क्यावरील मुकुट १८९३ नंतरचा. म्हणजे बंदूक बेल्जमची, १८९३ च्या नंतरची. इंग्रजी धर्तीचें नांव घालून बेल्जमच्या बंदुका जगभर विकल्या जात, आणि इंग्रजी बंदुकीची किंमत न परवडणाऱ्या लोकांनीं त्या विश्वासानें वापरल्या. यांत आजोबांना कोणी फसविलें असेंहि म्हणण्याचें कारण नाहीं. त्यांनीं आपल्या ऐपतीप्रमाणें चांगली वस्तु घेतली. घरच्या गोष्टी सांगतां सांगतां वाढतात. शिक्के वाढत नाहींत.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी होती. धूर न करणाऱ्या नव्या दारूची परीक्षा झालेल्या लिएझच्या नळ्यांवर सिंहाचें चित्र आणि पी-व्ही हीं अक्षरें असतात. तीं येथें नव्हतीं. नळ्यांच्या पृष्ठभागावर लांकडाच्या रेषांसारखी लहरदार नक्षी दिसत होती. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, ठोकून एकजीव केलेल्या नळ्यांची ही खूण. म्हणजे या नळ्या काळ्या दारूच्या हिशेबानें परीक्षिलेल्या होत्या. आतां पुण्याजवळ खडकीस १८६९ पासून दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे, आणि बाजारांत मिळणारीं बारा बोरचीं काडतुसें धूर न करणाऱ्या दारूचींच असतात. तीं या नळ्यांत घालणें म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावर तरुणाचें ओझें देणें.

तिसरी गोष्ट काडतुसाच्या लांबीची. बारा बोर म्हणजे एक रतल शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या असतां एका गोळीची जी जाडी, ती नळीची रुंदी. सुमारें साडेअठरा मिलिमीटर. ही सर्व बारा बोरांत सारखीच, म्हणून लोक समजतात कीं कोणतेंहि बारा बोरचें काडतूस कोणत्याहि बंदुकींत चालेल. परंतु काडतूस ज्या घरांत बसतें त्याची लांबी जुन्या बंदुकांत पांसष्ट मिलिमीटर असते आणि पुष्कळशा नव्या बंदुकांत सत्तर. त्यांतला धोका असा कीं, काडतुसाची लांबी सुटल्यानंतर, तोंड उलगडल्यावर, मोजतात. म्हणून सत्तरचें न सुटलेलें काडतूस पांसष्टच्या घरांत अगदीं सहज जातें. झांकण लागतें, संशय येत नाहीं. सुटल्यावर मात्र त्याचें तोंड उलगडावयास जागा नसते, वाट अरुंद होते, आणि आंतील दाब एकदम वाढतो. जें सहज बसतें तें योग्यच असतें असें नाहीं.

कारागिरानें स्वच्छ सांगितलें, "खिळा करून देईन, कमानहि करून देईन. पण ही बंदूक वाजवूं नका." त्यानें मोडण्याचें कारणहि सांगितलें. बाहेर घोडे असलेल्या जुन्या बंदुकींत काडतूस नसतांना चाप ओढला तर घोड्याचा सारा टोला खिळ्यावर पडतो, आणि तो झेलावयास पुढें टोपी नसते. असे टोले खाऊन खिळा आंतून चिरतो. धाकटे घरीं येऊन हें सांगूं लागले तेव्हां सर्वांना एकदम उमगलें. दरवर्षीं खंडेनवमीची पूजा झाली कीं घरांतलीं मुलें रांगेनें उभीं राहत आणि प्रत्येकानें एकदां 'खट्' करून चाप ओढावा ही या घरची गंमत होती. तीन पिढ्यांच्या त्या हौसेनें बंदुकीचा खिळा तोडला होता!

मग घरांत वाद झाला, आणि त्यासाठीं आम्हांस पुन्हां बोलावणें आलें. धाकटे म्हणाले, वाजवावयाचीच नाहीं तर दुरुस्ती कशाला? विकून टाकावी. थोरल्यांचें म्हणणें, वडिलांनीं हिच्या भरंवशावर रात्री काढल्या. एवढी वर्षें कांहीं झालें नाहीं तें आतांच होणार काय? मातोश्री इतकेंच म्हणाल्या, "मोडकी वस्तु पूजेंत नको, आणि घरची वस्तु बाजारांत नको."

तिघांचेंहि म्हणणें आम्हीं ऐकून घेतलें. थोरल्यांस आम्हीं विचारलें, "एवढी वर्षें वडिलांनीं ही किती वेळां वाजविली?" त्यांना आठवल्या त्या सर्व मिळून चार-पांच वेळा. बाकी सारा धाक खांद्यावरच्या बंदुकीचा होता, सुटलेल्या बाराचा नव्हता. आणि रानडुकरांवर बार टाकण्याची मोकळीक आज कोणासहि नाहीं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराच्या बाबतींतहि वनखात्याची लेखी अनुज्ञा आधीं घ्यावी लागते. नुकसानीचा पंचनामा करवून वनखात्याकडे भरपाई मागतां येते, ती मागावी. एवढ्यावर भागत नसेल आणि शस्त्र हवेंच असेल, तर रीतसर अर्ज करून आजच्या काडतुसांना योग्य अशी देशी बंदूक घ्यावी. २०१९ नंतर एका परवानाधारकास दोनपर्यंत बंदुका ठेवितां येतात, आणि त्यांत वारशानें आलेली धरली जाते. जें काम नव्या बंदुकीचें आहे तें आजोबांच्या बंदुकीकडून करून घेण्यांत आजोबांचा मान नाहीं. आखाड्यावर निजणाऱ्या मुलाचा डोळा किंवा हात गेला, तर ज्या वस्तूवर सगळ्या घराची माया आहे तीच वस्तु कोणास पाहवणार नाहीं.

धाकट्यांस आम्ही म्हणालों कीं, विकण्यास कायदा आड येत नाहीं. परवानाधारकास अथवा अधिकृत दुकानदारास ती रीतसर देतां येते. पण 'लंडनची' म्हणून जी किंमत मनांत धरली होती ती आतां येणार नाहीं, आणि आली तरी मातोश्रींच्या हयातींत घाई कशाची? दुरुस्ती निरर्थकहि नाहीं. तुटलेल्या खिळ्याचें टोंक पुढें अडकून राहिलें आणि कोणी अजाणत्यानें काडतूस घालून बंदूक मिटली, तर चाप न ओढतांच बार सुटूं शकतो. मोडकी बंदूक निरुपद्रवी असते ही समजूत म्हणूनच फार घातक आहे.

शेवटीं ठरलें तें असें. खिळा आणि कमान परवानाधारक कारागिराकडूनच करवून घ्यावी. बंदुकीसाठीं काडतुसें घरांत ठेवूंच नयेत. थोरल्यांनीं नव्या बंदुकीविषयीं जिल्हाधिकारी कार्यालयांत अर्ज करावा. खिळा तयार होण्यास तीन महिने लागले आणि खर्च धाकट्यांनीं आपण होऊन दिला. मुलांच्या 'खट्' करण्यावर मात्र मातोश्रींनींच बंदी घातली. लेथवाल्या कारागिरालाहि थोरल्यांनीं सारी हकीकत समजावून सांगितली. त्यानें यापूर्वीं अशीं कांहीं कामें हातीं घेतलीं नव्हतीं म्हणून सुटलों, असें तो म्हणाला.

ज्यांच्या घरीं अशी वस्तु आहे त्यांच्यासाठीं चार गोष्टी लिहून हा लेख पुरा करतों. बंदुकीचा क्रमांक, नळ्यांखालील शिक्के, काडतुसाच्या घराची लांबी आणि ती वाजविण्यास योग्य आहे कीं नाहीं याविषयीं जाणकाराचें मत, हें एका कागदावर लिहून परवान्याबरोबर ठेवावें. पुढच्या पिढीला ऐकीव गोष्टींवर विसंबावें लागूं नये. परवान्याची मुदत आतां पांच वर्षांची असते. ती संपण्यापूर्वीं नूतनीकरणाचा अर्ज करावा. परवानाधारक वारल्यास बंदूक घरांत राहूं न देतां लवकरांत लवकर ठाण्यांत किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी, आणि तेथेंहि ती विसरून जाऊं नये. ठराविक मुदतींत वारसांनीं हालचाल केली नाहीं तर ती सरकारजमा होऊं शकते. आणि सर्वांत सोपी गोष्ट, जी फार थोडे लोक करितात: २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें परवानाधारकास सत्तर वर्षें झालीं किंवा त्यानें पंचवीस वर्षें ती बंदूक बाळगली, तर हयातींतच वारस नेमून त्याच्या नांवें परवाना मागतां येतो. वडिलांनीं स्वतः मुलाच्या हातीं वस्तु देऊन तिची बरीवाईट खोड सांगावी, हें ठाण्याच्या कोठडींतून ती सोडवून आणण्यापेक्षां सर्वांनाच बरें. घरांत कोणासच ती नको असेल तर तेंहि मोकळेपणानें बोलून, रीतसर ती देऊन टाकावी. पूर्वजांनीं ती आपल्या रक्षणासाठीं घेतली होती. आपल्या घराला घोर लावण्यासाठीं खचित नव्हे.